नगरातील घरबांधणीचा परवाना

[नभोवाणीवरून केलेले भाषण]

आपल्या वऱ्हाडात घर बांधावयास काढले म्हणजे प्रथम मुहूर्त पाहतात. वडीलधाऱ्यांस विचारतात, मिस्त्रीस बोलावतात, नारळ फोडून पहिली कुदळ मारतात, आणि मग विटा-सिमेंटचा हिशेब सुरू होतो. या सर्व तयारीत एका गोष्टीची आठवण बहुधा शेवटी होते, व ती म्हणजे नगराचा परवाना. 'नकाशा पास करून घेऊ केव्हा तरी' असे गृहस्थ म्हणतो, आणि जन्मभराची शिल्लक ज्या वास्तूत घालावयाची, तिच्या कायदेशीर पायाचे काम एखाद्या ओळखीच्या मनुष्यावर सोपवून मोकळा होतो. पुढे दहा-वीस वर्षांनी घर विकावयाचे निघते, मुलास कर्ज काढावयाचे असते किंवा भावंडांत वाटणी होते, त्या वेळी हा विसर पहिल्या प्रथम बोचू लागतो.

आज मला सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे, की बांधकामाचा परवाना हा नकाशावरील एक शिक्का नसून तीन कागदांची साखळी आहे. पहिला कागद जागेचा, दुसरा कामाच्या आरंभाचा आणि तिसरा वास्तव्याचा. पहिला कडा कच्चा असेल तर पुढचे दोन व्यर्थ होतात, आणि तिसरा घेतला नाही तर पहिल्या दोहोंसाठी केलेले श्रम अपुरे राहतात.

ही साखळी कोणत्या कायद्याने बांधली आहे, हे आधी पाहू. अमरावती आणि अकोला ही दोन्ही गावे पूर्वी नगरपालिकांच्या कारभाराखाली होती. अमरावतीस महानगरपालिका आली ती १५ ऑगस्ट १९८३ रोजी, आणि अकोल्यास १ ऑक्टोबर २००१ रोजी. तेव्हापासून दोन्ही नगरांस १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू आहे. पूर्वी त्याचे नाव मुंबई प्रांतिक होते, आता ते महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम असे झाले आहे. त्याच्या जोडीस १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे. पहिल्या कायद्याच्या कलम २५३ प्रमाणे घर बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांस तशी सूचना द्यावयाची असते, आणि दुसऱ्याच्या कलम ४४ प्रमाणे विकासाच्या परवानगीचा अर्ज करावयाचा असतो. घर किती उंच, भिंत शेजाऱ्यापासून किती दूर, जिना किती रुंद, हे ठरविणारे नियम पूर्वी गावोगाव निराळे होते. २ डिसेंबर २०२० रोजी शासनाने एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली, आणि मुंबईसारखे काही अपवाद सोडून बहुतेक महाराष्ट्रास एकच मापपट्टी लागू झाली. म्हणून जो नियम अमरावतीच्या राजापेठेत, तोच अकोल्याच्या जठारपेठेत, असे आता सामान्यतः म्हणता येते.

विषय सुगम व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पू. अकोल्यात एक निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याजवळ चाळीस फूट बाय पन्नास फुटांचा, म्हणजे दोन हजार चौरस फुटांचा भूखंड आहे. त्यांस तेथे स्वतःसाठी व मुलासाठी राहते घर बांधावयाचे आहे. त्यांचा भाचा अमरावतीस असतो. त्याचे राहते घर बांधलेलेच आहे, परंतु पुढच्या खोलीत दुकान काढावे असा त्याचा मानस आहे. या मामा-भाच्यांच्या संगतीने आपण कचेरीची वाट चालून पाहू.

मामांनी प्रथम नकाशा काढवून घेऊ नये. प्रथम जागेचे कागद काढावे. जागा नगर भूमापनाखाली असेल तर आखीव पत्रिका, नसेल तर सात-बाराचा उतारा, खरेदीखत, फेरफार, आणि भूमि-अभिलेख खात्याने केलेल्या मोजणीची 'क' प्रत, हे कागद समोर मांडून त्यांतील क्षेत्र एकमेकांशी जुळते की नाही हे पाहावे. खरेदीखतात दोन हजार फूट आणि मोजणीत अठराशे भरले, तर नकाशा अठराशेवरच बसतो. जागेवर भावा-बहिणींची नावे असतील तर त्यांची लेखी संमती लागते. बहिणीचे नाव उताऱ्यावर असूनही तिला विचारले नाही, या एका कारणाने प्रकरण अडकते, आणि त्याहून वाईट म्हणजे घरातला स्नेह अडकतो.

जागेच्या बाबतीत वऱ्हाडात दोन खास पेच आहेत. पहिला नझुलाचा. आपल्या जुन्या गावांत पुष्कळशी जागा सरकारी नझूल असून ती पट्ट्याने दिलेली आहे. घर आजोबांचे असले तरी खालची जमीन सरकारची असते. पट्ट्याची मुदत संपलेली असेल किंवा त्यातील शर्त निवासाची असता वापर दुकानाचा असेल, तर आधी नझूल कार्यालयाकडे जावे लागते. नागपूर व अमरावती या दोन महसूल विभागांतील निवासी नझूल जागांसाठी शासनाने २०२४ मध्ये खास अभय योजना काढली, यावरूनच हा प्रश्न किती घरांस भिडलेला आहे हे ध्यानी येईल.

दुसरा पेच गुंठेवारीचा. नगर वाढू लागले म्हणजे भोवतालच्या शेतांचे तुकडे पडतात. शेत अकृषक झालेले नसते, ले-आऊट मंजूर नसतो, कागदावर रस्ता दाखविलेला असतो, आणि तरी भूखंड विकले जातात. अकोल्याची हद्द २०१६ मध्ये वाढून भोवतालची गावे नगरात आली, तेव्हा अशा कित्येक वस्त्या महानगरपालिकेच्या नियमांखाली आल्या. अशा बांधकामांस व भूखंडांस नियमात आणण्यासाठी २००१ साली गुंठेवारी अधिनियम झाला. त्यात मुळात १ जानेवारी २००१ पूर्वीच्या प्रकरणांचा विचार होता, तो २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढविण्यात आला. परंतु ही सवलत आपोआप मिळत नाही. अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते, आणि आरक्षणातील किंवा पूररेषेतील जागा या मार्गाने सुटेल असे समजणे धोक्याचे आहे. भूखंड घेण्यापूर्वीच नगररचना विभागातून भाग नकाशा व झोन दाखला काढावा. त्यावरून जागा निवासी आहे की शेती विभागात, तिच्यावरून विकास योजनेचा रस्ता जातो काय, शाळेचे वा बगीच्याचे आरक्षण आहे काय, हे कळते. पुढे लाखो रुपये अडकू नयेत म्हणून आधी केलेला हा अल्प खर्च आहे.

जागेचा कागद पक्का झाला, म्हणजे नकाशा. तो परवानाधारक वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने सही करून द्यावयाचा असतो. आपल्या मामांच्या भूखंडाचे क्षेत्र सुमारे १८६ चौरस मीटर होते. समोरचा रस्ता नऊ मीटरांहून, म्हणजे सुमारे तीस फुटांहून अरुंद असेल, तर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० इतका मिळतो. म्हणजे १८६ ला १.१० ने गुणून सुमारे २०४ चौरस मीटर बांधकाम. त्यावर जिने, सज्जे इत्यादिकांसाठी अधिमूल्य भरून निवासी इमारतीस साठ टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र घेता येते. रस्ता रुंद असेल तर अधिक बांधकामाची वाट उघडते, कारण जितकी माणसे घरात राहावयाची, तितकी वाहने, तितके सांडपाणी व प्रसंगी अग्निशमनाचा बंबही त्याच रस्त्याने जावयाचा असतो.

घराच्या चहूंबाजूंस जी मोकळी जागा सोडावयाची, तिला सामासिक अंतर म्हणतात. आपल्या लोकांस सर्वांत अधिक राग या नियमाचा येतो. 'पैसे देऊन घेतलेली जागा मोकळी का सोडावी?' असा प्रश्न असतो. अकोल्याचा वैशाखवणवा ज्याने सोसला आहे, त्यास याचे उत्तर सांगणे नलगे. भिंतीस भिंत भिडली म्हणजे वारा थांबतो, आणि एका घरास आग लागली तर दुसरे वाचत नाही. अमरावतीच्या परकोटात, जवाहर गेटाच्या आतील जुन्या गल्ल्यांत, हे अंतर ठेवणे शक्यच नाही. म्हणून दाट वस्तीच्या जुन्या भागांसाठी नियमावलीत निराळी प्रमाणे दिली आहेत. नव्या वसाहतीत मात्र ती सवलत मागणे म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीतील उजेड मागण्यासारखे आहे.

नियमावलीने लहान भूखंडधारकांची एक मोठी सोय केली आहे, ती पुष्कळांस ठाऊक नसते. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमाप्रमाणे नकाशा व तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र सादर करून शुल्क भरले, की ती पोचपावती हीच परवानगी समजली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडास दहा दिवसांत परवानगी द्यावयाची आहे. मामांचा भूखंड या दुसऱ्या वर्गात बसतो. याचा अर्थ नियम शिथिल झाले असा मात्र नव्हे. कचेरीचा विश्वास तंत्रज्ञाच्या सहीवर ठेवण्यात आला आहे, आणि खोटी माहिती देऊन मिळविलेली परवानगी कलम २५८ खाली रद्द होऊ शकते. म्हणून सही कोणाची घ्यावयाची, हे स्वस्तात कोण देतो यावरून ठरवू नये.

त्या सहीचे मोल आपल्या काळ्या मातीत विशेष आहे. ज्या मातीने वऱ्हाडास कापूस दिला, ती घरास मात्र वैरीण ठरते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि या श्वासोच्छ्वासाबरोबर उथळ पाया वर-खाली होऊन भिंतींस तिरप्या चिरा पडतात. यास्तव मातीची परीक्षा करून पाया मुरुमापर्यंत न्यावा लागतो. माती फार खोल असेल तर तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब सुमारे साडेतीन मीटर किंवा अधिक खोल उतरवितात. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने आपल्या देशात रूढ केली. नकाशासोबत संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागतात ते याचसाठी.

मातीप्रमाणेच पाण्याचेही पाहावे. अकोल्याच्या मधून मोर्णा वाहते, अमरावतीतून अंबा नाला जातो. नदीकाठी दोन रेषा आखतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी व निळी रेषा यांमध्ये नवे घर बांधता येत नाही. निळ्या व लाल रेषेच्या मध्ये बांधावयाचे तर लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर असावे लागते. मोर्णा उन्हाळ्यात सुकलेली दिसते, म्हणून तिच्या काठचा भूखंड निर्धोक आहे असे समजू नये. पूररेषा नदीच्या जुन्या स्मृतीवरून आखलेली असते.

अर्ज दाखल झाला, विकास शुल्क व बांधकाम-कामगारांच्या कल्याणाचा उपकर यांसारखी देणी भागली, म्हणजे दुसरा कागद मिळतो. तो बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. कचेरीने नकार दिला तर कारण लेखी मागावे. नगररचना अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे चाळीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येते. आणि कचेरी मौन धरून बसली तर? कलम ४५ सांगते, की साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे मानावे. मात्र नकाशा नियमांस व विकास योजनेस काटेकोर धरून असला तरच. नियमबाह्य नकाशास कचेरीचे मौन तारीत नाही. याखेरीज २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा मुदतीत मागण्याचा हक्क नागरिकास दिला आहे. हा मार्ग ठाऊक असणाऱ्या गृहस्थास मध्यस्थाची पायधरणी करावी लागत नाही.

प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्ष चालते. दर वर्षी मुदत वाढविता येते, परंतु ही वाढ एकंदर तीन वर्षांहून अधिक नाही. जोत्यापर्यंत काम आले की तशी सूचना देऊन जोता तपासून घ्यावा. घर चुकीच्या जागी सरकले असेल तर ते या वेळी चार ओळी विटा काढून सुधारते, स्लॅब पडल्यावर सुधारत नाही. बांधताना मनात आले म्हणून एक खोली वाढविली, गच्चीवर पत्रे घातले, वाहनाची जागा बंद करून भाडेकरू ठेवला, असे करावयाचे झाल्यास आधी सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा.

आणि आता तिसरा कागद, ज्याच्यासाठी मी आज इतके बोललो. तो भोगवटा प्रमाणपत्र. कलम २६३ प्रमाणे काम पुरे झाल्यावर एक महिन्याच्या आत पूर्णत्वाची सूचना तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्रासह द्यावयाची असते, आणि परवानगी मिळेपर्यंत त्या वास्तूत राहावयास जाऊ नये असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वास्तुशांत होते, पंगती उठतात, वीज येते, आणि हा कागद राहून जातो. 'आम्ही घरटॅक्स भरतो ना!' हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. श्रोतेहो, कराची पावती म्हणजे परवाना नव्हे. अनधिकृत बांधकामावरही कर बसतो. इतकेच नव्हे, तर कलम २६७-अ प्रमाणे त्याच्या दुपटीइतकी शास्तीही बसू शकते, आणि ती भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही.

अमरावतीच्या भाच्याचीही अशीच समजूत आहे. खोली आपली, दुकान आपले, मग विचारावयाचे कोणास? परंतु नगररचनेच्या कायद्यात वापर बदलणे हाही विकासच आहे. निवासी भागात दुकान चालेल की नाही, किती मोठे चालेल, हे रस्त्याच्या रुंदीवर व वाहनतळाच्या सोयीवर ठरते. भाच्याने पुढे भूखंडावर मोठे व्यापारी संकुल, मंगल कार्यालय किंवा रुग्णालय काढावयाचे म्हटले, तर २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली अग्निशमन विभागाची संमती लागेल. बेलोरा व शिवणी येथील विमानतळांच्या परिसरात उंच इमारत असेल तर उंचीबद्दलचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. भूखंड पाचशे चौरस मीटरांहून मोठा असेल किंवा आठांहून अधिक सदनिका विकावयाच्या असतील, तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखाली नोंदणी करावी लागेल. मेरठ येथे निवासी भूखंडावर उभ्या राहिलेल्या दुकानांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेला निकाल सर्वांनी ध्यानात ठेवावा. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावावा, वास्तव्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावरच ताबा द्यावा, वीज व पाणी त्यानंतरच जोडावे, आणि बँकांनीही ते पाहूनच कर्ज द्यावे, असे त्यात बजाविले आहे. इतके दिवस ज्या कागदावाचून चालून जात होते, त्यावाचून यापुढे चालणे कठीण आहे.

या कागदाचे आणखी एक मोल आहे, व ते पैशाहून मोठे आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी अमरावतीच्या प्रभात चौकात एक जुनी, जीर्ण इमारत कोसळली, आणि पाच माणसे दगावली. दिवस दिवाळीनंतरचे होते, बाजाराची वेळ होती. इमारतीही म्हाताऱ्या होतात, आणि त्यांचे वय मोजावयास कोठून तरी आरंभ करावा लागतो. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घ्यावयाची असते, आणि ती तीस वर्षे पूर्णत्वाच्या वा वास्तव्याच्या परवानगीच्या दिवसापासून, किंवा प्रत्यक्ष राहणे त्याआधी सुरू झाले असेल तर तेथपासून, मोजतात. ज्या घराच्या जन्माची नोंद नाही, त्याचे वय विचारावयास कोणीच येत नाही. भाडेकरू बदलतात, मालक बदलतात, आणि तुळई आतून कुजत राहते.

तेव्हा ज्यांना घर बांधावयाचे आहे, त्यांनी मुहूर्ताच्या आधी जागेचे कागद जुळवावे, कुदळीच्या आधी प्रारंभ प्रमाणपत्र घ्यावे, आणि वास्तुशांतीच्या आमंत्रणपत्रिका छापण्याच्या आधी भोगवटा प्रमाणपत्र मागावे. ज्यांचे घर आधीच उभे आहे, त्यांनी आज जेवणे झाल्यावर कपाटातील जुनी पिशवी उघडून हे तीन कागद आहेत काय हे पाहावे. एखादा नसेल तर घाबरून जाऊ नये व लपवूही नये. मंजूर नकाशा व प्रत्यक्ष घर यांची तुलना एखाद्या जाणत्या अभियंत्याकडून करून घेऊन, जे नियमात बसते त्याचा अर्ज करावा, आणि जे बसत नाही ते काय आहे हे निदान स्वतः जाणून असावे. आपल्या पश्चात मुलांच्या हाती घराच्या किल्ल्या पडतील, त्याच वेळी हे कागदही पडावेत. वडिलांनी घर ठेवले असे मुलांस तेव्हाच निश्चिंतपणे म्हणता येईल.